चिठ्ठीतला भंडारा

प्रभंजनरावांची सभा कधी पडत नसे. त्यातला निम्मा वाटा मळमड्डीतल्या मुलींच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवणाऱ्या कौसल्येचा होता, पण हे धारवाडात फार थोड्या लोकांना ठाऊक होतं.

सन सदतीसच्या निवडणुकीचे दिवस होते. प्रभंजनराव धारवाडचे नावाजलेले वकील. बोलायला उभे राहिले की सगळ्यात मागच्या माणसालाही वाटावं, हे आपल्याशीच बोलताहेत. मुंबईच्या असेंब्लीसाठी ते उभे होते आणि दोन महिने मोटारीतून सारा मुलूख पालथा घालत होते. प्रत्येक सभेच्या आदल्या दिवशी कौसल्या त्यांना एक चिठ्ठी लिहून देई. पाठकोऱ्या कागदावर, बारीक अक्षरात. गाव कसलं, पिकतं काय, देव कोणता, कुठली विहीर यंदा आटली, कुणाला नमस्कार केल्याशिवाय बसू नये, आणि कोणता विषय चुकूनही काढू नये. ती हुबळीच्या बाजारात वाढलेली, कानडी-मराठी दोन्ही घरचीच. माणसं तिच्याशी बोलत आणि ती ऐकून घेई. एवढंच तिचं भांडवल.

तिने हे काम फुकट आणि मनापासून पत्करलं होतं. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तेव्हा तिच्या वडिलांना, अप्पाजींना, घरी जाऊन दोन तास समजावणारे प्रभंजनरावच होते. त्यांच्यामुळे ती ट्रेनिंग कॉलेजात गेली, त्यांच्यामुळे शाळेत लागली. शाळेच्या कमिटीवरही तेच होते. या माणसासाठी चार चिठ्ठ्या लिहिणं म्हणजे काही विशेष, असं तिला वाटत नव्हतं.

आणि चिठ्ठीचं काय सोनं करत ते! मळमड्डीतल्या पेन्शनरांपुढे ठरल्या मिनिटाला उभे राहिले आणि ठरल्या मिनिटाला बसले, कारण चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘इथे वेळेला मान.’ हुबळीच्या गिरणी-कामगारांच्या चाळीत कोट काढून खुंटीला लावला. बाजारात गेले ते थेट गादीवर मांडी घालून बसले, आणि आलेलं गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. दुकानदार त्या एवढ्यावरच खूश. त्यांची आई मात्र प्रत्येक सभेत निराळी निघे. पेन्शनरांपुढे ती मास्तरांची लेक असे, चाळीत सूत कातणारी, बाजारात तागडी धरणाऱ्याच्या घरातली.

एकदा कौसल्येने हसत विचारलंही, “वकीलसाहेब, तुमच्या आईंचं माहेर नक्की कुठलं हो?”

“जिथली सभा तिथलं,” ते म्हणाले, आणि ड्रायव्हरसकट सगळे हसले.

तिला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. वर्गातल्या कच्च्या पोरींना आणि हुशार पोरींना तीही एकच धडा निराळ्या तऱ्हेने सांगे. एकीला चिंचोके दाखवून, एकीला फळ्यावर. धडा तोच असतो ना, असं ती स्वतःला सांगे.

अळणावरच्या पुढे दोन कोसांवर, रानाला लागून, शेवंताचं गाव होतं. प्लेगच्या साली हुबळी ओस पडली तेव्हा अप्पाजींनी सात वर्षांच्या कौसल्येला तिथे नेऊन ठेवलं होतं. अप्पाजी रानातला माल घ्यायचे, त्या ओळखीने. चार महिन्यांसाठी म्हणून गेलेली पोर शेवंताच्या घरी वर्षभर राहिली. शेवंताला ती अव्वा, म्हणजे आई, म्हणायला लागली ती कायमची. अजूनही सुट्टी मिळाली की ती आगगाडीने अळणावर गाठी आणि पुढे बैलगाडीने किंवा चालत अव्वाकडे जाई.

त्या गावाची चिठ्ठी लिहायला तिला विचार करावा लागला नाही. ‘हिरड्याचे दिवस आहेत. माणसं दिवसभर रानात हिरडा वेचतात, पण वेचलेला सगळा मक्तेदारालाच घालावा लागतो, तो देईल त्या भावाने. लोकांचा त्यावर फार राग. बाबाजींना आधी नमस्कार करावा. गावचा देव मैलार, म्हणजे आपला खंडोबा. भंडाऱ्याला मोठा मान.’

शेवटचं वाक्य तिने सहज लिहिलं. ‘इथे वेळेला मान’ लिहिलं होतं तसंच.

सभा सकाळी देवळापुढे झाली. कौसल्याही रजा काढून मोटारीतून आली होती. पन्नास-साठ माणसं घोंगड्या पांघरून बसली होती. त्यांतल्या बेचाळीस जणांना मत होतं. बायका देवळाच्या भिंतीशी उभ्या होत्या, त्यांत शेवंता. प्रभंजनरावांनी आधी बाबाजींना नमस्कार केला. बाबाजी म्हणजे शेवंताचा धाकटा दीर, गावचा कारभारी म्हणावा असा माणूस. मग ते बोलायला लागले. रान कुणाचं? झाड कुणी राखलं? काट्यातून हात घालून हिरडा वेचणार तुम्ही, आणि भाव ठरवणार हुबळीत बसलेला? माणसं पुढे सरकली. एकजण म्हणाला, “खरं हाय, खरं हाय.”

आणि मग त्यांनी ते केलं. देवळाच्या पायरीवर भंडाऱ्याचं तबक ठेवलेलं होतं. बोलता बोलता ते खाली उतरले, तबकातली चिमूट घेतली, हात डोक्याच्या वर नेला आणि म्हणाले, “मी निवडून आलो की हा मक्ता मोडला म्हणून समजा. तुम्ही वेचलेला हिरडा तुमचा. तुम्ही नेऊन विकाल तिथे विका.”

कौसल्येला वाटलं, आता टाळ्या पडतील. एकही टाळी पडली नाही. सगळं गाव उठून उभं राहिलं. म्हाताऱ्यांनी डोक्यावरची पागोटी काढली. बायकांनी पदर पुढे घेतले. त्या गावात भंडारा उचलून बोललेला शब्द माघारी घेता येत नाही. बांधाची भांडणं, सोयरिकी, एकमेकांची वैरं सुद्धा त्यावर मिटायची. उचलणाऱ्याने तो शब्द पाळायचा आणि ऐकणाऱ्याने त्यावर चालायचं, मग काय व्हायचं ते होवो. हे सात वर्षांच्या कौसल्येने पाहिलेलं होतं. चिठ्ठीत तिने यातलं काही लिहिलं नव्हतं. फक्त मान लिहिला होता.

आणि तीनच दिवसांपूर्वी हुबळीला अप्पाजींच्या दुकानाच्या माडीवर मक्तेदाराकडून हिरडा घेणारे सात-आठ व्यापारी बसले होते, आणि ती कोपऱ्यात त्यांच्यासाठी सुपारी कातरत होती. तिथे प्रभंजनराव म्हणाले होते, “मक्त्याला हात लागणार नाही, अप्पाजी. उलट तीन वर्षांची मुदत पाच करून घेऊ. माणसाला धंद्यात स्थैर्य नको का?” तेव्हा तिने ते ऐकलं आणि सोडून दिलं होतं. माडीवरचं माडीवर राहील, असंच काहीतरी मनात असावं.

परतताना मोटारीत ती म्हणाली, “वकीलसाहेब, तुम्ही भंडारा उचलायला नको होता.”

“का? तुम्हीच तर लिहिलंत, मान आहे म्हणून. बघितलंत ना, कसे उभे राहिले!”

“ती शपथ असते त्यांची. आता ते मक्तेदाराला हिरडा घालायचे नाहीत.”

“नाही घातला तर नाही घातला. मतदान दोन आठवड्यांवर आलंय. पुढचं पुढे बघू.”

“पुढे नव्हे हो. घरात हिरडा साठवला तर गुन्हा होतो. जंगलखात्याचा गार्ड येईल, गाड्या जप्त करील. पलीकडच्या गावातले दोघे गेल्या साली तीन आठवडे आत होते.”

प्रभंजनरावांनी मान खिडकीकडे वळवली. ते वाईट माणूस नव्हते. मग हळू आवाजात म्हणाले, “बाई, मी निवडून आलो तर दोघांचंही थोडं थोडं करीन. आलोच नाही तर कुणाचंच होणार नाही. भाषण म्हणजे काही खरेदीखत नव्हे. एवढं मनाला लावून घेऊ नका.”

तिने मनाला लावून घेतलं. शनिवारी हुबळीला गेली तर अप्पाजीच दारात उभे. “तुझ्या त्या गावातून चार दिवस झाले एक टोपली हिरडा आला नाही. मक्तेदाराच्या डेपोवरचा माणूस म्हणतो, घराघरात राशी घातल्यात. काय चाललंय?”

तिने सगळं सांगितलं. अप्पाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. “मक्तेदार गार्डाला कळवणार. पाच-सहा दिवस थांबतील फार तर. तू यात पडू नकोस, कौसू. प्रभंजनराव शाळेच्या कमिटीवर आहेत. उद्या त्यांच्या कानावर गेलं तर तुझी नोकरी राहील काय?”

“आणि अव्वाच्या घरी गार्ड गेला तर?”

अप्पाजींनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, “सकाळच्या गाडीने जाणार असलीस तर दशमी बांधून ने.”

रविवारी ती गावात पोचली तेव्हा घराघराच्या सोप्यात हिरड्याच्या राशी होत्या. करडा, सुरकुतलेला, तुरट वासाचा हिरडा. शेवंताने तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि बाबाजीला हाक मारली. बाबाजी आला, त्याच्यामागून आणखी चार-पाच जण आले. कौसल्येने माडीवर ऐकलेलं शब्दाला शब्द सांगितलं.

बाबाजी शेवटपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, “तुझा बा हिरडा घेतो नव्हं?”

“घेतात.”

“त्येचा माल अडलाय नव्हं?”

“अडलाय.”

“मग त्येनंच धाडलं असंल तुला. तकडं त्येच्यासारखं बोलायचं, हकडं आमच्यासारखं बोलायचं.” मागचे दोघे हसले. “त्या वकिलानं भंडारा उचललाय. तू काय उचललंस?”

इतक्या दिवसांत इतक्या गावांचं कौसल्येने नेमकं ओळखून लिहिलं होतं, पण या माणसांपुढे आपण कोण दिसतो हे तिने कधी लिहून बघितलं नव्हतं. ती शेवंताकडे वळली. “अव्वा, तुम्हाला तरी माझं खरं वाटतं ना?”

शेवंता हिरडा निवडत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, “त्येला भंडाऱ्याचं कुणी सांगितलं गं? शहरातला मानूस. त्येला काय ठावं?”

“मी लिहून दिलं.”

“काय म्हणून?”

“इथे त्याला मान आहे म्हणून.”

“एवढंच?”

“एवढंच.”

शेवंताचा हात थांबला. रागावली असती, दोन शब्द बोलली असती तर कौसल्येला बरं वाटलं असतं. पण ती नुसती बघत राहिली, एखाद्या पोराने चुलीत पाणी ओतल्यावर बघावं तशी. मग बाबाजीला म्हणाली, “पोरगी खोटं बोलत न्हाई. बोलायचं असतं तर हे बोलली नसती.”

बाबाजीला ते पुरेसं नव्हतं. “वैनी, माज्या घरात हिरडा हाय, तुज्या घरात हाय. उद्या गार्ड आला तर हिच्या शब्दावर काय सांगू? भंडाऱ्यावर गाव थांबलंय. ते एका बाईच्या सांगण्यावर हलनार न्हाई.”

“माझ्या सांगण्यावर हलू नका,” कौसल्या म्हणाली. “मंगळवारी चार वाजता हुबळीच्या बाजारात त्यांची सभा आहे. सगळे व्यापारी तिथे असतील, मक्तेदार असेल. तुम्ही या. तबक घेऊन या. तिथे परत उचला म्हणावं. एकच शब्द दोन्हीकडे उचलला तर मी खोटी. पुन्हा या गावात पाऊल ठेवणार नाही.”

हे तिने आधी ठरवून आणलेलं नव्हतं. बोलून गेल्यावर तिच्याच लक्षात आलं, की सभा घडवून आणणाऱ्याच्या डोक्यातूनच असलं काही निघू शकतं.

मंगळवारी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन ती दुपारच्या गाडीने हुबळीला उतरली. बाबाजी, शेवंता आणि सातजण आधीच येऊन स्टेशनाबाहेर झाडाखाली बसले होते. बाबाजीने तबक फडक्यात गुंडाळून मांडीवर धरलं होतं. बाजारातल्या मोकळ्या जागेत सतरंज्या घातल्या होत्या. काळ्या टोप्या, पांढरी पागोटी, पुढे खुर्च्यांवर मोठे व्यापारी, त्यांत अप्पाजी. घोंगड्या पांघरलेली नऊ माणसं आत आली तशी सगळ्यांनी वळून पाहिलं. अप्पाजींनी लेकीकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

प्रभंजनराव बोलायला उभे राहिले आणि पहिल्याच वाक्याला त्यांची नजर बाबाजीवर गेली. क्षणभरच थांबले ते. दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नसेल, कौसल्येच्या आलं. मग त्यांनी सुरुवात केली, आणि काय बोलले! देशाबद्दल बोलले, शहर आणि खेडं म्हणजे एकाच देहाचे दोन हात याबद्दल बोलले, रेल्वेच्या भाड्याबद्दल बोलले, सरकारने केलेल्या अन्यायाबद्दल बोलले. पाऊण तासात हिरडा हा शब्द आला नाही. मक्ता आला नाही. आईसुद्धा आली नाही. तरी टाळ्या पडत होत्या.

शेवटी बाबाजी उठला. त्याने फडकं सोडलं आणि तबक दोन्ही हातांवर घेऊन सतरंज्यांवरून पुढे चालत गेला. कुणी त्याला अडवलं नाही. व्यासपीठापुढे जाऊन त्याने तबक वर धरलं.

“वकीलसायेब,” तो म्हणाला, “आमच्या देवळापुढं बोललासा, ते हितं एकदा बोला.”

पुढच्या खुर्च्यांवरच्या व्यापाऱ्यांना काही कळलं नाही. कुणीतरी म्हणालं, “खेड्यातली माणसं आहेत, सत्काराला आली असतील.” प्रभंजनराव खाली वाकले. त्यांचा हात तबकाकडे गेला. त्या क्षणी कौसल्येला खरोखर वाटलं, उचलतील. उचलून एकदा सगळ्यांसमोर बोलतील, मग मतं जावोत. ती आयुष्यभर त्यांचं पाणी भरायला तयार झाली असती.

त्यांनी अनामिकेला थोडासा भंडारा घेतला आणि कपाळाला लावला. मग तबकाला हात लावून डोळ्यांना लावला. बाबाजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बंधूंनो, हे बघा आपलं खेडं! इतक्या दुरून देवाचा प्रसाद घेऊन आलंय. आणखी काय हवं माणसाला?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने डोळे पुसले. तेवढ्यात नऊच माणसं घोंगड्या सावरत उठली आणि सतरंजीच्या कडेकडेने बाहेर पडली. जे काही पाहायचं होतं ते त्यांनी पाहिलं होतं.

गाडीला अर्धा तास होता. स्टेशनात बाकावर शेवंता बसली, बाकीचे जमिनीवर. बाबाजीने तबक पुन्हा फडक्यात बांधलं. गाठ मारता मारता म्हणाला, “त्येनं टिळा लावला. टिळा कुनीबी लावतंय.”

“म्हंजे गाव सुटलं,” दुसरा एक जण म्हणाला. “त्येनंच शब्द खाली ठेवला.”

“सुटलं,” बाबाजी म्हणाला. “उद्या हिरडा डेपोवर घाला. गार्डाच्या आधी.” आवाजात आनंद नव्हता. मग कौसल्येकडे वळून म्हणाला, “तुझ्या बाला सांग. माल येतोय म्हणावं. त्येच्याच भावानं.”

ज्यासाठी ती धावली ते झालं होतं. कुणाच्या दारात गार्ड येणार नव्हता. आणि हिरडा जिथे जायचा तिथेच, जायच्या त्याच भावाने जाणार होता. शाळेच्या कमिटीची बैठक पंधरा दिवसांवर होती. या माणसांना सभेला कोण घेऊन आलं, हे तोवर प्रभंजनरावांना विचारावं लागणार नव्हतं. व्यासपीठावरून खाली उतरताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं होतं. त्या पाहण्यात राग नव्हता. घरातलं माणूस परक्यासारखं वागलं की बघावं, तसं काहीतरी होतं. तिला ते रागापेक्षा जड गेलं.

“मत कुनाला द्यायचं मग?” कोपऱ्यातून एकाने विचारलं. “दुसरा तर गावात आलाच न्हाई.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिला उत्तर देता आलं असतं. या नऊ माणसांना काय रुचेल, कोणत्या शब्दाला ते मान हलवतील, हे तिला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

“मला नाही ठाऊक,” ती म्हणाली. “पण वकीलसाहेब कुठे काय बोलले ते सगळं मला पाठ आहे. ऐकायचं असेल तर सांगते.”

आणि तिने सांगितलं. चाळीत रोजाबद्दल काय म्हणाले, पेन्शनरांना कराबद्दल काय म्हणाले, बाजारात काय, माडीवर काय. चांगलं बोलले तेही सांगितलं. मुलींच्या शाळांबद्दल ते सगळीकडे एकच बोलले होते, पेन्शनर नाक मुरडत असतानाही, ते तिने सांगितलं. आपल्याला शिकायला त्यांनी कसं धाडलं तेही. माणसं ऐकत होती. मधे कुणी हसलं, कुणी “असं व्हय!” म्हणालं. बाबाजीने तर दोनदा तिला थांबवून तेच परत सांगायला लावलं.

गाडीची घंटा झाली. सगळे उठले, घोंगड्या झटकल्या. डब्यात चढता चढता बाबाजी मागे वळला.

“त्यो दुसरा. त्यो कुठं बोलतोय?”

“गुरुवारी. धारवाडला, सप्तापुराकडे.”

“तू जा ऐकायला.”

“मी?”

“मग काय आमी येऊ हितक्या लांब? तुला ध्यानात ऱ्हातंय. रविवारी येऊन सांग. मतदानाच्या आधी.” आणि मग, जरा रागानेच, “त्येला काय सांगू नको आमचं. नुसतं ऐकून ये.”

शेवंता खिडकीशी बसली होती. गाडी हलली तेव्हा तिने हात बाहेर काढून कौसल्येच्या डोक्यावर ठेवला, आणि कौसल्या दोन पावलं गाडीबरोबर चालली.